ब्राह्मी घेताय? आधी पान बघा

नर्सरीत ‘ब्राह्मी’ म्हणून बहुतेकदा मंडूकपर्णी हातात पडते: गोल, दातेरी कडेचं, देठावर उभं पान. स्मरणशक्तीसाठी ज्या वनस्पतीवर जास्त चाचण्या झाल्या ती बाकोपा, म्हणजे जलब्राह्मी. तिची पानं इवलीशी, जाडसर, रसाळ. फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. दोन्ही औषधीच, पण एकीच्या नावाखाली दुसरी घेऊ नका.

चाचण्यांमध्ये साधारण 300 मिग्रॅ अर्क रोज, 12 आठवडे दिला गेला. आठवण्यात थोडा फरक दिसला, चमत्कार नाही. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलांना पाजून उपयोग शून्य. रिकाम्यापोटी घेतली तर मळमळ, जुलाब होतात, जेवणानंतरच घ्या. थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गटाराकाठची तर तोडूच नका, ही झाडं पाण्यातले जड धातू शोषून घेतात.

स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंको या झाडाच्या अर्काच्या महागड्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत असं माझं मत. 2008 साली अमेरिकेतल्या तीन हजारांवर ज्येष्ठांच्या चाचणीत त्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही.

आणि आजी-आजोबांचा विसराळूपणा अचानक वाढला असेल, तर काढा उकळण्याआधी बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या.