बिअर्डेड ड्रॅगनच्या विणीच्या हंगामात या चुका टाळा

बिअर्डेड ड्रॅगन हा घरी पाळला जाणारा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या मुलखातला. तिथे जून ते ऑगस्ट हिवाळा. त्या काळात तो सुस्तावून आडोशाला पडून राहतो आणि वसंतात जोडीदार शोधू लागतो. काचेच्या पेटीत मात्र ऋतू ठरवतो तो दिवा. बारा महिने रोज चौदा तास दिवा चालू असेल, तर त्याचा उन्हाळा संपतच नाही आणि काही माद्यांची वीण लांबत जाते. म्हणून वर्षातून दोन-तीन महिने उजेड हळूहळू दहा तासांवर आणावा.

या सुस्तीत लाडाने खाऊ घालणे ही दुसरी चूक. अंगाला ऊब नसली की पचन थंडावते आणि खाल्लेले पोटात कुजते. पाणी ठेवा, आठवड्याला वजन करा. वजन झपाट्याने उतरू लागले तर ती सुस्ती नव्हे, आजार समजा.

वसंतात नराची दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी पडते, मान जोरजोरात वरखाली होते. मादी एक पाय उचलून संथपणे हलवते. हे बघून लोकांना जोडी जमल्याचा आनंद होतो आणि दोघांना कायमचे एकत्र ठेवले जाते. तसे करू नका. समागमात नर मानेला चावतो. रोज तेच झाले तर मादी जखमी होते. दीड-दोन वर्षांच्या आतली मादी तर जोडीला देऊच नये, तिचे कॅल्शियम अजून स्वतःच्या हाडांना लागते. शिवाय एका समागमाचे वीर्य ती साठवून ठेवते. नर दूर केल्यावरही पुढच्या खेपेला फलित अंडी येऊ शकतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘नर नाही, मग अंडी कुठून येणार?’ एकट्या मादीलाही अफलित अंडी होतात. पोटावर गोट्यांसारखे उंचवटे दिसतात, ती खाणे सोडते, कोपरे उकरते, काच ओरबाडते. तिला तेव्हा वीस-तीस सेंटिमीटर खोल, ओलसर वाळू-मातीचा डबा द्या. माती मुठीत दाबली की गोळा टिकला पाहिजे, पाणी गळता कामा नये. जागाच मिळाली नाही तर अंडी आत अडकू शकतात. ती कुंथत असेल किंवा मागचे पाय लुळे पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

अंडी उबवायचीच असतील तर उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करा आणि तीच बाजू वर ठेवा. कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवली तर गर्भ दगावू शकतो. २८-२९ अंश सेल्सिअसला साधारण दोन महिन्यांत किंवा थोड्या उशिरा पिल्ले निघतात. घाईपोटी उष्णता वाढवू नका. ३२ अंशांच्या वर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लेही मादी होऊन निघू लागतात.

आणि पिल्ले नकोच असतील तर? एका खेपेत वीसेक अंडी सहज असतात. घातली त्याच दिवशी ती फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे आत गर्भ वाढत नाही.