स्टिंगरेच्या टँकमध्ये मीठ टाकताय? आधी या चुका टाळा

स्टिंगरेने (टँकमध्ये पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या पाकटाने) खाणं सोडलं, कोपऱ्यात पडून राहिला, की बहुतेकांचा हात आधी मिठाकडे जातो. थांबा. आधी टेस्ट किट काढा आणि अमोनिया, नायट्राइट (माशाच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) मोजा. दोन्ही शून्यच हवेत. नसतील, तर पाणी बदलणं हाच पहिला उपचार. स्टिंगरे खातो भरपूर, घाण करतो भरपूर, आणि अमोनिया त्याला फारसा सोसत नाही. मीठ अमोनिया काढत नाही.

‘मूळचा समुद्रातला मासा, मीठ मानवणारच’ हा समज तर मुळातच चुकीचा आहे. समुद्रातली पाकटं रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्यात तग धरतात. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या पोटॅमोट्रायगॉनने, म्हणजे आपल्या टँकमधल्या स्टिंगरेने, ती क्षमता केव्हाच गमावली आहे. रिओ निग्रोसारख्या नदीत पाण्याची वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) जेमतेम १० मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते. लिटरमागे १ ग्रॅम मीठ घातलं, तर ती एका झटक्यात २००० च्या घरात जाते. टँकमधले स्टिंगरे तेवढं काही दिवस सहन करतात, पण म्हणून ते कायम द्यायचं नसतं.

मिठाचा खरा उपयोग होतो तो नायट्राइट चढल्यावर. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. मिठातला क्लोराइड त्याच वाटेने आत जातो, त्यामुळे नायट्राइटचा शिरकाव कमी होतो. यासाठी लिटरला १ ग्रॅमच्या वर जायची गरज नसते. नायट्राइट मात्र पाण्यात तसंच राहतं, म्हणून वॉटर चेंज थांबवायचे नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हिशेबात. मीठ हवेत उडून जात नाही, फिल्टरही ते काढत नाही. ते फक्त बदललेल्या पाण्याबरोबर बाहेर जातं. समजा टँकमध्ये १००० लिटर पाणी आहे आणि तुम्ही १ किलो मीठ घातलंय. ३०० लिटर पाणी बदललं, तर ३०० ग्रॅम गेलं. परत तेवढंच घालायचं. पण दर वॉटर चेंजला ‘पूर्ण डोस’ म्हणून १ किलो घालत राहिलात, तर चौथ्या डोसनंतर लिटरला अडीच ग्रॅमच्या वर पोहोचता. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना तर मीठ अजिबात घालू नका. टँकच्या मापावरून हिशेब करू नका. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी किती तेच धरा.

मीठ साधं घ्या, त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. बादलीत टँकचंच पाणी घेऊन ते पूर्ण विरघळवा आणि काही तासांत थोडं थोडं करून ओता. खडे तसेच टाकले तर ते तळाशी जातात, आणि तळाशी तर तुमचा मासा पोट टेकून बसलेला असतो.

फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खनिज खडे) असेल तर मीठ घालण्याआधी ते बाहेर काढा. याकडे फार जण दुर्लक्ष करतात. झिओलाइटने धरून ठेवलेला अमोनिया मिठाच्या पाण्यात पुन्हा सुटतो.

पाणी बदलण्यातही एक धोका आहे. महिनोन्महिने दुर्लक्ष झालेल्या टँकचा पीएच खाली येतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. घाबरून एकदम ८० टक्के पाणी बदललं आणि नळाच्या पाण्याचा पीएच जास्त असला, तर उरलेला अमोनिया तिथल्या तिथे विषारी होतो. अशा टँकमध्ये थोडं थोडं पाणी रोज बदला. नवीन पाण्याचं तापमान जुळवा आणि डीक्लोरिनेटर (नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढणारं द्रावण) विसरू नका. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल, तर क्लोरीन निघाल्यावर अमोनिया मागे राहतो. म्हणून दोन्ही बांधणारा डीक्लोरिनेटर घ्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका.

पोटावर लाल चट्टे असतील तर मीठ घालण्याआधी हीटर आणि तळ बघा. स्टिंगरे उघड्या हीटरवर खुशाल बसतो आणि भाजतो, म्हणून हीटरला जाळी लावा. टोकदार खडीने पोट खरवडतं, बारीक वाळूच हवी.

डोळ्यांमागची श्वासाची छिद्रं भराभर उघडमीट करत असतील, किंवा अंगाच्या कडा वर वळल्या असतील, तर परिस्थिती गंभीर आहे. खाणं घालणं बंद करा, हवेचा पंप वाढवा, पाणी तपासा आणि बदलायला घ्या. तांब्याची औषधं अंदाजाने टाकू नका, ती स्टिंगरेला मारक ठरू शकतात.

नायट्राइट सलग काही दिवस शून्य राहिलं की मीठ काढायला वेगळी धावपळ करायची नाही. नेहमीचे वॉटर चेंज बिनमिठाच्या पाण्याने करत राहा. दर वेळी ३० टक्के बदललंत, तर तिसऱ्या खेपेपर्यंत १ ग्रॅमचं सुमारे ०.३४ ग्रॅम उरतं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा खाली येताना दिसतो.