काळ्या मातीवर घर बांधताना या चुका टाळा

मराठवाडा, विदर्भ किंवा सोलापूर परिसरात एकमजली घराच्या भिंतीला तिरकी भेग पडली की ‘पाया खचला’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अनेकदा पाया खचलेला नसतो, तर मातीने तो वर उचललेला असतो. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळताना आक्रसते. म्हणून येथे मातीच्या भारक्षमतेइतकाच तिच्यातील ओलाव्याचा चढउतारही विचारात घ्यावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक उन्हाळ्यात होते. मे महिन्यात पहारीलाही दाद न देणारी माती पाहून ‘जमीन कडक लागली’ असे ठरवले जाते आणि पाया दोन-तीन फुटांवरच थांबवला जातो. परंतु तो कडकपणा निव्वळ कोरडेपणाचा असतो आणि पावसाळ्यात टिकत नाही. माती किती फुगते याची परीक्षा अगदी स्वस्तात होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, वाळवलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधल्या मातीच्या दुपटीहून जास्त भरले, म्हणजे फुगवण १०० टक्क्यांपुढे गेली, तर भारतीय मानकानुसार ती जास्त फुगणारी माती ठरते. एवढी साधी चाचणी टाळून घर बांधणे मला अक्षम्य वाटते.

‘घर लहान आहे, साधा पाया पुरेल’ हा समजही घातक आहे. मोठ्या इमारतीचे वजन फुगवणीला काही प्रमाणात दाबून धरते, हलक्या घराला ते जमत नाही. त्यामुळे भेगा बहुधा लहान घरे आणि कुंपणाच्या भिंतींनाच आधी पडतात. काळ्या मातीचा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून पाया घट्ट मुरमावर किंवा खडकावर न्यावा. थर खोल असेल तर किमान ३.५ मीटर खोलीचे, तळाशी फुगा असलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घ्यावेत आणि त्यांना जोडणाऱ्या बीमखाली सुमारे ८० मिलिमीटर पोकळी सोडावी. ही पोकळी मातीने बुजवली तर फुगणारी माती बीमलाच वर ढकलते आणि पाइलचा खर्च वाया जातो. खोदलेली काळी माती जोत्यात भरणेही तितकेच चुकीचे आहे. तेथे न फुगणारा मुरूम थराथराने, पाणी मारून ठोकावा.

भेगा आधीच पडल्या असतील तर लगेच पुट्टी भरू नये. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, रुंदी मोजावी आणि एक उन्हाळा व एक पावसाळा नोंद ठेवावी. ऋतूनुसार भेग उघडत-मिटत असेल तर दोष ओलाव्याचा आहे. भेग वर रुंद असेल तर बहुधा घराचा मध्यभाग उचलला गेलेला असतो, खाली रुंद असेल तर कडा. अशा वेळी गळकी मोरी, भिंतीलगत पडणारी पन्हळ आणि पायाजवळची मोठी झाडे आधी तपासावीत. घराभोवती बाहेर उतार असलेला रुंद काँक्रीटचा पट्टा घालून पाणी दूर न्यावे आणि भेगेची हालचाल थांबल्याचे नोंदीवरून दिसल्यावरच गिलावा दुरुस्त करावा.