तीन माणसं, तेहतीस मिनिटं: 'त्रेस ओम्ब्रेस' कोकणातल्या कानांनी कसा ऐकायचा

आतेभावाचा मुलगा बारावी देऊन सध्या कुडाळला घरीच आहे, परवा विचारत होता काका मला जुना रॉक ऐकायचाय पण सुरुवात कुठून करू. मी त्याला एकच नाव दिलं, झीझी टॉपचा 'त्रेस ओम्ब्रेस'. स्पॅनिशमध्ये म्हणजे तीन माणसं. १९७३ च्या जुलैमध्ये आलेला, टेक्सासच्या बँडचा तिसरा अल्बम, दहा गाणी, सगळी मिळून साधारण तेहतीस मिनिटं. बिली गिबन्स गिटार आणि गाणं, डस्टी हिल बास (म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार) आणि अधूनमधून गाणं, फ्रँक बिअर्ड ड्रम. बस, एवढेच. दोन दिवसांनी पोराचा फोन, काका सगळी गाणी एकसारखीच वाटतायत. म्हटलं चूक तुझी नाही, कसं ऐकायचं ते मीच सांगितलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं काम, बरोबर आवृत्ती शोधा. हे लोक टाळतात आणि मग म्हणतात ड्रमचा आवाज विचित्र आहे. १९८७ च्या आसपास या बँडचे जुने अल्बम सीडीवर आले तेव्हा ड्रम नव्याने मिक्स केले, त्यावर त्या काळच्या फॅशनचा डिजिटल घुमारा चढवला, आणि सत्तरच्या दशकातला कोरडा, लाकडी, जवळून येणारा आवाज गेला. २००६ मध्ये मूळ मिक्स परत आलं. ओळखायची खूण सोपी, यादीत तेरा गाणी असतील आणि शेवटची तीन लाइव्ह असतील तर ती २००६ ची, ती घ्या. पहिल्या वेळी ती तीन लाइव्ह सोडून द्या, मूळ रेकॉर्ड दहाव्या गाण्याला संपते. आणि फोनवर आधीच डाउनलोड करून ठेवा, आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीला लाइट जाते आणि मग रेंज पण जाते.

दुसरं, कशावर ऐकायचं. फोनच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यात डस्टी हिल ऐकूच येत नाही आणि डस्टी गेला की निम्मा अल्बम गेला. साधे वायरवाले इअरफोन चालतील. ब्लूटूथ स्पीकर असेल तर गोदरेजच्या कपाटावर ठेवू नका, पत्रा सोबत गुणगुणतो, खाली जमिनीवर भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवा, बास आपोआप भरतो. पडवीवर पत्रे असतील तर पाऊस थांबेपर्यंत थांबा, पत्र्यावरच्या पावसात झांजा पार बुडतात.

आता मुख्य गोष्ट. आपण दशावतार बघत मोठे झालो ना, तिथे संगीताला माणसं किती असतात? पेटी, मृदंग, झांज. तीन. रात्रभर देव-दानवांची युद्धं, रडणं, विनोद, सगळं त्या तिघांवर चालतं आणि कधी रिकामं वाटत नाही. का नाही वाटत, कारण प्रत्येकाला दुसऱ्याने जागा कुठे सोडलीय ते माहीत असतं. आमच्या वाडीतले एक मृदंग वाजवणारे आजोबा मला लहानपणी सांगायचे, "पैलो मृदंग आयक रे, पेटी खंय जाता ता मगे कळतला." तोच नियम इथे लावा. पहिल्यांदा ऐकताना गिटारकडे लक्षच देऊ नका, गिटार स्वतःहून कानात शिरतेच, तुम्ही फक्त बास धरा. दुसऱ्या वेळी फक्त ड्रम. तिसऱ्या वेळी गिटार, आणि तेव्हा बघा तीच गाणी कशी वेगवेगळी होतात.

पहिलं गाणं बसची वाट बघणाऱ्या कामगाराचं आहे, त्यात माउथ ऑर्गनही बिलीच वाजवतो. हे तुम्ही एसटी स्टँडवर बसून ऐका, मी मनापासून सांगतोय, वेंगुर्ल्याची गाडी यायची असताना बाकड्यावर बसून ऐकलं की त्या तालातला कंटाळा आणि चिवटपणा दोन्ही कळतात. पण फोन हातात घेऊन थांबवू नका, कारण ते संपतं आणि श्वास घ्यायला पण जागा न देता दुसरं सुरू होतं. शफल बंद करा म्हणजे करा, ही दोन गाणी तोडली तर पाप आहे.

ते दुसरं, 'जीझस जस्ट लेफ्ट शिकागो', माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं, इथे वेळ द्या. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जे संगीत रॉकच्या मुळाशी आहे, ते एका गाण्यात शिकायचं असेल तर हेच. पेटी घ्या घरात असेल तर. बारा घरं धरा, प्रत्येक घरात चार मात्रा. ढोबळमानाने पहिली चार घरं सा, मग दोन म, दोन परत सा, मग एक प, एक म, आणि शेवटची दोन सा. आणि प्रत्येक मात्रेचे आत तीन तुकडे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, म्हणून ते डुलत चालतं. दोनदा बोटं ठेवून बघितलीत की पुढे जगभरातला निम्मा ब्लूज तुम्हाला न सांगता कळेल. आणि शब्दांत काय आहे, येशू शिकागो सोडून न्यू ऑर्लिन्सकडे निघालाय, वाटेत मिसिसिपीमधून जातोय, गढूळ पाण्याची वाइन करतोय. परदेशी माणसाला हे कदाचित नवल वाटेल, पण शिमग्यात पालखी देवळातून निघून घरोघर फिरते, देव आपल्या अंगणात येतो, हे ज्याने बघितलंय त्याला समजावून सांगायची गरज नाही. मी हे गाणं पालखीच्या दिवसांत ऐकतो, अंगावर काटा येतो.

मधली गाणी भराभर. 'बीअर ड्रिंकर्स'मध्ये डस्टी आणि बिली आळीपाळीने गातात ते ओळखा. मूळ रेकॉर्डची पहिली बाजू 'हॉट, ब्लू अँड रायचस'वर संपते, एकदम संथ, चर्चमधल्या गाण्यासारखं, ते रात्री ऐका.

मग 'ला ग्रेंज'. हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. टेक्सासमधल्या ला ग्रेंज गावाबाहेरच्या चिकन रँच नावाच्या कुंटणखान्यावर आहे, आणि योगायोग म्हणजे अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९७३ मध्ये, तो बंद पडला. सुरुवातीला गिटार जवळजवळ कुजबुजते आणि फ्रँक ड्रमच्या नुसत्या कडेवर काठी वाजवतो. मग एक छोटा तुकडा आणि तिघे एकदम कोसळतात. ती जागा परत परत ऐका, आवाज मोठा झाला म्हणून नाही तर बास आत आला म्हणून जमीन हलते. नंतर सोलो सुरू होताना सगळं गाणं वरच्या सुरात सरकतं, ए वरून सी वर, पेटीवर सा सोडून कोमल ग ला सा मानल्यासारखं, आणि मग परत खाली येतं.

'ला ग्रेंज'च्या रिफमागे, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यामागे, ब्लूजवाल्या जॉन ली हूकरचं १९४८ चं 'बूगी चिलन' उभं आहे. दहावं गाणं संपलं की लगेच ते लावा. एक माणूस, एक गिटार आणि पायाचा ठेका, बाकी कोणी नाही. तिथे बास कोण आहे आणि मृदंग कोण आहे ते शोधा.