काड्या-गठ्ठ्यांनी हातच्याची वजाबाकी : या चुका टाळा

४२ − १७ = ३५. समोर काड्यांचे गठ्ठे असूनही दुसरी-तिसरीच्या वह्यांत हे उत्तर वारंवार दिसतं. मुलानं एककाच्या घरात ७ मधून २ वजा केलेले असतात. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे त्याला आपणच सांगितलेलं असतं, म्हणून आधी ते सांगणं बंद करा.

पहिली चूक तयारीतच होते. शिक्षक किंवा पालक गठ्ठे बांधूनच देतात. दोन मुलांत एकसारख्या १०० काड्या आणि १० रबरबँड द्या आणि दहा-दहा मोजून गठ्ठे मुलांनाच बांधू द्या. ज्यानं गठ्ठा स्वतः बांधला, त्याला तो सोडता येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. सुरुवातीला दहा रुपयांची नोटही नको, कारण तिच्यात दहा सुटे डोळ्यांना दिसत नाहीत. ती नंतर आणा.

दुसरी चूक म्हणजे ४२ आणि १७ दोन्ही मांडणं. बेरजेत दोन्ही संख्या मांडतात, त्याच सवयीनं हे होतं. मग मूल गोंधळतं : काढायचं कुठून? ४ गठ्ठे आणि २ सुट्या, एवढंच मांडा. '१७ काड्या मला दे' असं म्हणा आणि थांबा. '२ सुट्यांतून ७ देता येतील का?' हा प्रश्न त्याला पडू द्या. एक गठ्ठा सोडला की ३ गठ्ठे आणि १२ सुट्या होतात. इथे घाई करू नका. 'आता एकूण किती?' असं विचारून पुन्हा मोजायला लावा. काड्या अजून ४२ च आहेत, हे पटणं हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा. पुढे ७ सुट्या आणि १ गठ्ठा दिला की २५ उरतात.

काड्यांचं काम संपल्यावर उदाहरण वहीत लिहायला लावलं, तर हात एकीकडे आणि आकडे दुसरीकडे राहतात. गठ्ठा सोडला त्याच क्षणी ४ खोडून वर ३ लिहायचा आणि २ च्या जागी १२. एक मूल काड्या हलवेल, दुसरं लिहील, पुढच्या उदाहरणाला अदलाबदल.

संख्या बोलूनही सांगत असाल, तर 'एकोणतीस' ऐकून ३ गठ्ठे मांडणारी मुलं भेटतील. त्यांना 'वीस आणि नऊ' असंही म्हणायला लावा.

काड्या एकदम काढून घेऊ नका. मध्ये काही दिवस चित्र हवं : दशकाला उभी रेघ, एककाला ठिपका. गठ्ठा सोडायचा म्हणजे एक रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. मग काड्या रुमालाखाली झाका आणि आत काय होईल ते विचारा. मूल न बघता सांगू लागलं, की आकड्यांवर या.

२०४ − ७८ सारखं उदाहरण आलं, की काड्या पुन्हा बाहेर काढा. दशकाच्या घरात शून्य असल्यामुळे मुलं शतकातला एक थेट एककाला देतात. दहा गठ्ठ्यांचा मोठा जुडगा आधी सोडायचा, त्यातून १० दशक मिळतात. मग त्यातला एक गठ्ठा सोडायचा. आता १ शतक, ९ दशक, १४ एकक. उत्तर १२६.