जास्त ताकदीसाठी इंजिन बदलताय? या चुका टाळा

गाडीत दम उरला नाही म्हणून थेट दुसरं इंजिन शोधायला निघणं, ही सगळ्यात महागडी चूक. आधी जुन्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. प्लग काढून चारही सिलिंडरना गेज लावा. एकाचा आकडा बाकी तिघांपेक्षा बराच खाली असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचं काम करून गेलेली ताकद परत मिळते.

मग ठरवा, गाडी रस्त्यावर चालवायची की फक्त रेसच्या ट्रॅकवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी लागते, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. ठाण्याची एमएच-०४ असो की वाशीची एमएच-४३, नियम एकच. मोठं इंजिन बसवून अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत: रस्त्यावरच्या गाडीला त्याच मॉडेलचं निरोगी इंजिन, आणि मोठ्या इंजिनाची हौस ट्रॅकच्या गाडीवर.

ट्रॅकसाठी निवडतानाही नुसते बीएचपी, म्हणजे ताकदीचे आकडे, मोजू नका. मारुतीच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) एस्टीमचं १.३ लिटर इंजिन ८५ बीएचपीचं, मारुतीच्याच जुन्या बलेनो सेडानचं १.६ लिटर ९४ चं. कागदावर फरक ९ चा. पण बलेनोचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५.५ ऐवजी ९० मिमी, त्यामुळे कमी आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) ओढ येते. त्याच लांब स्ट्रोकमुळे ब्लॉक उंच होतो. तेव्हा इंजिनच्या सर्वात उंच भागावर कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच टेकवा आणि गोळा किती दबला ते बघा. माउंटिंगवर, म्हणजे रबरी आधारांवर, इंजिन हलतं, म्हणून बोटभर जागा उरायलाच हवी. जुन्या होंडा सिटीत होंडाचंच के-सिरीज इंजिन घालायचं म्हणाल, तर ते इंजिन उलट्या दिशेने फिरतं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला येतो. माउंटिंग, एक्सल, सगळंच नव्याने.

कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून नुसतं इंजिन उचलून आणू नका. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग आणि किल्लीही त्याच गाडीची घ्या, नाहीतर इमोबिलायझरवाली (किल्ली ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा असलेली) गाडी चालू होऊन लगेच बंद पडते.

आता बसवल्यानंतरचं. माझ्या एस्टीमला रीतसर मंजुरी घेऊन एस्टीमचंच दुसरं इंजिन बसवलं. नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रोडवर तापमानाचा काटा मधोमध, अगदी शांत. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या गायमुख घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि काटा चढायला लागला. काचा खाली, इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर फुल, असा घाट काढला. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, काही फरक नाही. शेवटी बॉनेट उघडून मीच पाहिलं: पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण परत लावलंच नव्हतं. त्यामुळे पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा फिरवत होता. गाडी उभी असतानाच तापत असेल तर आधी पंखा बघा. पळतानाही तापत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप.

आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आवाज? एक्सलचा जॉइंट.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच ब्लॉकवरच्या इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. उमटलेला नंबर बिलावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. खाडाखोड दिसली, तर ते इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.