मेकफाइलमधला एक्स्पोर्ट पुढच्या ओळीत का टिकत नाही

रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारा छोटा प्रोग्राम पणजीत बसून केला. सकाळी सहाची बोट पडद्यावर रात्री साडेबाराला! त्या वेळी चोडणला कोण जातंय? सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. प्रोग्रामला टाइमझोन सांगणारं टीझेड व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' करायचं, झालं. गंमत म्हणजे ते एक्स्पोर्ट करणारी, म्हणजे पुढच्या कमांडना देणारी, ओळ मेकफाइलमध्ये (मेक या साधनाला कुठल्या कमांड चालवायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) होतीच, प्रोग्राम चालवणाऱ्या ओळीच्या बरोब्बर वर.

मेक हा रेसिपीची, म्हणजे टार्गेटखाली (कामाच्या नावाखाली) टॅब देऊन लिहिलेल्या कमांडची, प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवतो. ओळ संपली की शेल गेला, त्याच्याबरोबर व्हेरिएबलही. म्हणून एक्स्पोर्टची ओळ टार्गेटच्या बाहेर, फाइलच्या वरच्या भागात लिहा, सुरुवातीला टॅब न देता. मग ते व्हेरिएबल सगळ्या कमांडना मिळतं. तिथे मूल्याभोवती अवतरणचिन्हं घालू नका. मेक ती मूल्याचाच भाग धरतो, आणि हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. एकाच कमांडपुरतं हवं असेल, तर त्याच ओळीत कमांडच्या आधी लिहिलं तरी चालतं.

मेकला वगळून प्रोग्राम थेट सुरू केलात, तर मात्र बोट पुन्हा साडेबाराला.